आबांच्या मेंढ्यांचा रंग

पान १
चांगल्या डोळ्यांना दिसतं : १२
दोष असलेल्या डोळ्यांना दिसतं : १२

हे पान सगळ्यांना सारखंच दिसतं. समोरचा माणूस मुद्दाम खोटं तर बोलत नाही ना, हे कळावं म्हणून ते पहिलं ठेवतात. मीही आधी सगळ्यांना दिसलं तेवढंच सांगते.

साल १९९८. मी शिरूरच्या कॉलेजात टी.वाय.ला होते, विषय प्राणिशास्त्र. राहायला इनामगावला. घरात आई, अण्णा, मोठा भाऊ रविराज आणि आईचे वडील म्हस्कू आबा. आईला भाऊ नाही, म्हणून आबा आमच्याकडे. दादानं आयटीआय केलेलं होतं आणि रेल्वेच्या असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा तो पास झाला होता. मेडिकल राहिलं होतं. अख्ख्या गावाला एवढं माहीत होतं.

त्या वर्षी आम्हाला आनुवंशिकी होती. आधीच्या दोन वर्षांत आम्ही झुरळ चिरलं, बेडूक चिरला, कोंबडीच्या अंड्यातलं तेहतीस तासांचं पिल्लू काचेवर घेतलं. टी.वाय.ला पहिल्यांदा सर म्हणाले, "आता प्राणी म्हणजे तुम्ही."

ढमढेरे सरांनी कपाटातून काळ्या फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. चोवीस पानं, प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा गोळा आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. ज्याला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही त्याला आकडा चुकीचा दिसतो, नाहीतर दिसतच नाही.

"एका पानाला तीन सेकंद," सर म्हणाले. "तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर वहीत लिहायचं, दिसत नाही. जास्त वेळ दिला की माणूस अंदाज करतो."

मग त्यांनी फळ्यावर चौकोन आणि वर्तुळं काढली. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. दोष असेल तो काळा भरायचा. जी बाई स्वतः धड आहे पण दोष पुढे नेते, तिच्या वर्तुळात टिंब. प्रत्येकानं आपल्या घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता करून जर्नलमध्ये लावायचा होता.

"सर, घरातलीच माणसं घ्यायची का?" महेजबीननं विचारलं. ती माझी प्रॅक्टिकलची पार्टनर.

"मग काय बाजारातून आणणार?"

"मी जिभेचा तक्ता करते सर. आमच्यात सरदारबी दादीपासून सगळ्यांची जीभ नळीसारखी वळते."

"ते वर्गात ऐकू येतंच," सर म्हणाले.

सगळे हसले. मी हसले नाही. सरांनी फळ्यावर लिहिलेलं मी पुन्हा वाचत होते. हा दोष बाप मुलाला देत नाही, मुलीला देतो. मुलीला काही होत नाही. ती तो आपल्या निम्म्या मुलांना देते. आजोबांचं नातवाकडे जातं.

मला आबांची मेंढरं आठवली.

पान २
चांगल्या डोळ्यांना : ८
दोष असलेल्यांना : ३

ही गोष्ट आमच्या घरात सांगत नाहीत. मला ती आईनं एकदाच सांगितली, तीही अण्णांशी भांडताना.

आबांचा वाडा होता. आमच्यात वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं घेऊन दसऱ्यानंतर कोकणात उतरणारी आठ-दहा कुटुंबं म्हणजे वाडा. मेंढरं काळी, म्हणून प्रत्येक मालक त्यांच्या पाठीवर आपला रंग लावायचा. आबांचा तांबडा, खुटबावच्या हौसरावांचा हिरवा. जुनी मेंढी आबा तोंडावरून ओळखायचे, रंग बघायचेसुद्धा नाहीत. पण त्या वर्षी दोघांनी एकाच बाजारातून नव्या मेंढ्या घेतल्या होत्या. घोड नदीवर पाणी पाजताना दोन्ही कळप मिसळले. आबांनी नव्या मेंढ्यांतल्या अकरा हौसरावांच्या आपल्याकडे ओढल्या.

भर दुपारी, चारचौघांसमोर.

"म्हस्कू, हिरवा हाय की त्यो."

"माझाच हाय. तांबडा हाय."

"आरं डोळं फुटल्यात का तुझं?"

"तांबडाच हाय."

हातानं चोरी केली असती तर माफ झाली असती. पण हिरव्याला तोंडावर तांबडा म्हणणं, आणि तेही शपथ घेऊन, हे कुणाला सोसलं नाही. बिरोबाच्या देवळापुढं पंच बसले. कागद झाला, त्यावर आबांचा अंगठा घेतला. पुढं कुठल्याच वाड्यानं आबांना बरोबर नेलं नाही. एकट्यानं कोकण गाठता येत नाही. मेंढरं विकली, घोडच्या काठाला चार तुकडे जमीन धरली. आम्ही शेतकरी झालो ते असे.

चाळीस वर्षं झाली. अजून जत्रेत आबा पंगतीच्या कडेला बसतात.

पान १८ ते २४
(आकडे न वाचणाऱ्यांसाठी. इथे आकड्याऐवजी वाट आहे.)

सरांनी शनिवारी पुस्तक घरी न्यायला दिलं. "ऊन लागू देऊ नकोस. बोट लावू नकोस, घामानं रंग जातो. ब्रश वापर. सोमवारी परत."

आबांना ओट्यावर बसवलं. मागे दादा दारात उभा होता, चहा पीत. शेवटच्या पानांवर ठिपक्यांतून एक नागमोडी वाट जाते, ती ब्रशनं गिरवायची. मला ती ढळढळीत दिसत होती.

"गिरवा आबा."

"काय गिरवू?"

"वाट."

आबांनी पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. ब्रश कोरडाच पानावर फिरला आणि कडेला जाऊन थांबला.

"घाटाखालची वाट डोळं झाकून दावीन. हितं वाट न्हाई, पोरी. चेष्टा करतीस म्हाताऱ्याची."

सातही पानं झाली. सातही पानांवर वाट नव्हती.

पान १४
चांगल्या डोळ्यांना : काही नाही
दोष असलेल्यांना : ५

असंही एक पान आहे. मला त्यात नुसते ठिपके दिसतात. सर म्हणाले होते, त्यांनाही नुसते ठिपकेच दिसतात.

आबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हितं हाय की! ह्यो बघ आकडा." त्यांनी ओट्यावरच्या धुळीत बोटानं गिरवून दाखवलं. आकड्यासारखं, पोट असलेलं, वर टोपी.

मागून दादा म्हणाला, "पाच हाय आबा त्यो. विंग्रजी पाच."

मी वळून पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला.

आबांना यातलं काही कळलं नाही. मी त्यांना समजावत होते. तांबडा आणि हिरवा तुम्हाला एकसारखा दिसतो. जन्मापासून. हौसरावांचा रंग तुम्हाला आपला दिसला.

आबांनी ब्रश ओट्यावर आडवा ठेवला.

"मी इचारलं हुतं त्यास्नी," ते म्हणाले. "म्हनलं, तुमास्नी त्यो येगळा कशानं दिसतुया, सांगा. कुनी सांगितलं न्हाई. हसलं समदी." मग म्हणाले, "ह्ये बुकात लिव्हलंय?"

"हो."

"छापलंय?"

"छापलंय आबा."

"मग हौशाला बलवा."

पान २ ते १३, मोठ्यानं

रविवारी दुपारी दादा लिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसला. लहानपणी तो चित्रात झाडं तपकिरी रंगवायचा आणि बाई त्याला उभं करायच्या. मला ते आत्ता आठवलं.

"अंके, मला हाय का गं त्ये?"

"पाच दिसला ना तुला?"

"दिसला."

"मग आहे."

तो मातीत काडी ओढत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. आबांकडून आईला, आईकडून तुला. आईचा काही दोष नाही, तुझाही नाही. निम्मी शक्यता होती, नाणं तुझ्या बाजूनं पडलं नाही. माझ्या वर्तुळात टिंब आहे की नाही, ते मला मुलगा होईपर्यंत कळणार नाही. हे सगळं मला येत होतं आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, याचा मला आनंद झाला होता. तेव्हा.

"सिग्नल बघायचा असतो दादा. ड्रायव्हर नको."

"न्हाई होत मी ड्रायव्हर," तो म्हणाला. "दुसरी जागा मागतो. डोळं लागत न्हाईत अशा बी जागा असत्यात. पर आधी आबाचं करू. हौसरावला मी निरोप धाडतो. चाळीस वरसं म्हातारा चोर म्हनून जगला." त्याचे डोळे भरले होते. मी पाहिले. "आन् मला दाव की, चांगल्या डोळ्याला काय दिसतंय त्ये. मला कवा दिसायचं न्हाई. तू वाच, मी ऐकतो."

मी वाचलं. एकेक पान, मोठ्यानं. आठ. एकोणतीस. पाच. तीन. पंधरा. चौऱ्याहत्तर. सहा. पंचेचाळीस.

"परत एकदा वाच," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

मी परत वाचलं.

पान ७
चांगल्या डोळ्यांना : ७४
दोष असलेल्यांना : २१

पंधरा दिवसांनी हौसराव खुटबावहून आले. बरोबर त्यांचा मुलगा पोपटराव, दौंडला रेल्वेत नोकरीला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. बिरोबाच्या देवळापुढं गावातली दहा-बारा माणसं जमली.

"म्हस्कू, मेला न्हाईस व्हय अजून?"

"तुझीच वाट बघत हुतो. एकट्याला जायाला भ्या वाटतं."

दोघे हसले. दोघांचे दात मिळून एका तोंडाचे भरले असते. चहा झाला. हौसरावांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. तोच कागद. घडीवर पिवळा पडलेला, खाली आबांचा अंगठा.

"तुझा सांगावा आला," हौसराव म्हणाले. "डोळ्यात दोष हुता म्हनं. मला खरं खोटं कळत न्हाई. पर शिकल्याली पोरगी सांगत आसंल तर मी ह्यो कागद हितंच फाडतो. देवासमोर."

पोपटराव सहज म्हणाले, "आसतो आसा दोष. घराण्यात उतरतो म्हनत्यात. आमच्याकडं मेडिकलला लई कडक बघत्यात." आणि दादाकडं वळून, "तुमचं मेडिकल कवा हाय, पाव्हनं?"

दादा उठून उभा राहिला.

"आबाला समदं दिसतं," तो म्हणाला. "काल सकाळीच तंबाटी तोडली. पिकल्याली येगळी, हिरवी येगळी. एक चुकलं न्हाई. पोरीचा अभ्यास हाय, कालिजात काय तरी दावायला लागतं. जुनी चूक झाली ती झाली. आबानं तवाच कबूल केलंय. अंगठा हाय की खाली."

आबा टोमॅटो अंगठ्यानं दाबून बघतात. पिकलेला मऊ लागतो. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दादालाही.

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. शांतपणे, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीकडे सर पाहतात तसे.

"पोरगी सांगंल," आबा म्हणाले.

"व्हय, तू सांग," हौसराव म्हणाले. त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला होता, फाडायच्या बेतात. "दिसत न्हाई का ह्याला?"

एक.

मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान अगदी थोडी हलवली. नको.

दोन.

पोपटरावांनी घड्याळ पाहिलं. ते कशासाठी पाहत होते कोण जाणे. पण मला ते रेल्वेचं घड्याळ वाटलं.

तीन.

हौसरावांनी कागदाची घडी घातली. घाई न करता, जुन्या घडीवरच. "न्हाई म्हनते पोरगी," ते म्हणाले. मी काहीच म्हटलं नव्हतं.

घरी येताना आबा पुढे एकटे चालत होते. मी दादाला धरलं.

"तू म्हणाला होतास दुसरी जागा मागतो."

"आधी हीच बघू. नशिबानं आल्याली कुनी सोडतं व्हय?"

"आणि पुस्तक दाखवलं की काय करशील?"

तो चालता चालता म्हणायला लागला, पोरं पाढे म्हणतात तसा. "आठ. एकोनतीस. पाच. तीन. पंधरा. चौऱ्याहत्तर." मग माझ्या डोक्यावर टपली मारली. "लई चांगलं शिकवतीस तू. मास्तरीण हो."

तक्ता
(हे पान पुस्तकात नाही. माझ्या जर्नलमध्ये आहे.)

पहिली पिढी : आबा. चौकोन, काळा.
दुसरी पिढी : आई. वर्तुळ, टिंब.
तिसरी पिढी : रविराज. चौकोन.

इथे मी दोन दिवस थांबले. आई एकदा डोकावून गेली. "ही मी का?"

"हो."

"मला टिकली लावलीस व्हय? बरं केलंस. आन् आबा असं कोळशागत का?"

तिसऱ्या दिवशी मी चौकोन पांढराच ठेवला. जर्नल बाहेरच्या परीक्षकांसमोर जातं, तिथून कुठं जातं मला माहीत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे देवळात गप्प बसल्यावर इथे बोलायला मला तोंड नव्हतं. गाडी चालवताना सिग्नल तांबडा की हिरवा हे ज्याला सांगावं लागणार होतं, त्याचा चौकोन मी पांढरा ठेवला. मला तो विषय येत होता. वर्गात सगळ्यांत चांगला येत होता.

सरांनी तक्ता पाहिला. "तीन पिढ्यांत एकच बाधित. भावाची चाचणी तू घेतलीस?"

"हो सर."

"ठीक दिसतं त्याला?"

"हो सर."

सरांनी सही केली, विभागाचा शिक्का मारला. महेजबीननं माझी वही ओढून घेतली. "किती स्वच्छ काढलायस गं. माझ्यात नुसत्या जिभाच जिभा." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि वही मिटून परत दिली. तिनं विचारायला हवं होतं.

दिवा

दादा मेडिकलला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. पेढे नव्हते.

"पुस्तक घडाघडा वाचलं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनला, शाब्बास. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. समोर एक डबा, डब्याला भोक, भोकात दिवा. म्हनला, रंग सांग. परत चकती फिरवायचा, परत सांग. त्याला आकडा नसतो अंके. नुसता दिवा."

तो माझ्याकडे पाहत होता.

"तू दिव्याचं सांगितलं न्हाईस."

मला दिव्याचं माहीत नव्हतं. ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण त्यानं ज्या आवाजात ते म्हटलं, त्यावरून कुणालाही वाटलं असतं की मीच त्याला फसवलं.

आठवड्याभरात तो पारावर बसून सांगायला लागला. "आमच्या म्हाताऱ्याचं रक्त. आईकडनं उतरलंय. आनुवंशिक आसतं त्ये, एक्स का काय. सायन्स हाय." माझेच शब्द, माझ्याच क्रमानं. आबा तिथून जाताना त्यानं आवाजही खाली घेतला नाही. एकदा तर बोट दाखवलं. "ह्यांच्यापायी गेली नोकरी."

मी महेजबीनला घेऊन एसटीनं खुटबावला गेले. हौसरावांना सगळं सांगितलं. रेल्वेच्या डॉक्टरनंही सांगितलंय म्हटलं. त्यांनी आम्हाला गूळपाणी दिलं. मी बोलत होते तोवर ऐकून घेतलं.

"पोरी," ते म्हणाले, "त्या दिशी देवापुढं दोष नव्हता. नोकरी गेली, आता दोष आला. पुढं काय गेल्यावर काय यील?"

कागद मागायचं मला धाडस झालं नाही.

तक्ता, पुन्हा

परीक्षा संपली. जर्नल परत मिळालं. आबा देवळातल्या त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. पाणी मागायचे, चष्मा कुठं ठेवला विचारायचे. एवढंच.

मेमधल्या एका सकाळी मी भाकरी खात होते, तेव्हा ते ओट्यावरून म्हणाले, "तुझ्या वहीत आमी समदी हाय म्हनं. दाव."

मी जर्नल उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांना अक्षर येत नाही, पण चौकोन आणि वर्तुळं त्यांना लगेच कळली. मेंढीला कोकरू कुणाचं, त्याला पुढं कोकरू कुठलं, हे ते आयुष्यभर डोक्यात असंच काढत आले होते.

"ह्यो मी?"

"हो."

"ही वच्छी. ही तू." बोट सरकलं. "मग ह्यो रवी."

"हो."

"पांढरा?"

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"दोष आसंल त्यो काळा, म्हनली हुतीस."

"हो आबा."

"मग मी एकटाच काळा व्हय गं ह्यात?"

सही झालेल्या जर्नलमध्ये खाडाखोड चालत नाही. पहिल्या वर्षापासून आम्हाला हेच शिकवलंय. मी दप्तरातून पेन काढलं आणि सरांच्या सहीशेजारचा तो चौकोन भरला. कडांपासून आत, सावकाश, चारही कोपरे धरून. शाई कागदावर ओली चमकत होती.

आबांनी अंगठा पुढं केला आणि चौकोनावर हलका दाबला. टोमॅटो दाबतात तसा. अंगठा काळा झाला. तो त्यांनी उलटा करून पाहिला, बराच वेळ, आणि मग धोतराच्या सोग्याला पुसला.

"ह्ये पेन," त्यांनी विचारलं, "त्या दिशी देवळात हुतं का तुझ्यापाशी?"

"होतं," मी म्हणाले.